निरगुडी: एका झाडापासून अख्खा बांध कसा उभा करायचा

निरगुडी कुणी लावत नसतं, ती आपोआप येते, असं आमच्याकडं कुणालाही विचारा तो हेच सांगेल आणि आधी ते खरंही होतं. ओढ्याच्या काठानं, गावाबाहेरच्या पडीक रानात, जुन्या विहिरीच्या कडेला, जिथं बघाल तिथं निरगुडी. आता ओढे जेसीबीनं रुंद केले, बांध ट्रॅक्टरनं कोरत कोरत वीतभर उरले, आणि दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा, पिकावर फवारायचा कीडनाशक अर्क) करायला दोन किलो पाला हवा म्हटलं की गाडी काढून शोधत फिरावं लागतं. नर्सरीत विचारलं तर बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, कारण जी फुकट उगवते तिला पैसे कोण देणार असं त्यांना वाटतं. म्हणून म्हणतो की आता ही लावायला लागेल, आणि लावणं अजिबात अवघड नाही, फक्त पहिले आठ-दहा महिने नीट सांभाळायचे. एकदा जमिनीत बसली की मग तिला ना पाणी लागतं ना खत.

आमचा भाग म्हणजे सांगोला, आटपाडी, जत, माण या पट्ट्यातला, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तोही पडला तर पडला. अशा ठिकाणी उन्हाळ्यात बांधावर जिवंत काय राहतं ते बघितलं की कळतं कुठली झाडं आपली. निरगुडी पार कडक उन्हाळ्यात पानं गाळते, काटक्या दिसायला लागतात, वाटतं मेली, पण पहिला वळीव पडला की आठवड्याभरात बुडापासून फुटते. शेळ्या-मेंढ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, वासामुळं. आमच्याकडं जिथं मेंढरांचे कळप फिरतात तिथं ही फार मोठी गोष्ट आहे, कारण बाकी काहीही लावलं तरी त्याला काटेरी कुंपण करावं लागतं. बारीक निळसर-जांभळी फुलं येतात त्यावर मधमाश्या असतात, डाळिंबवाल्यांना त्याचा फायदा वेगळा सांगायला नको. आणि फोक! सरळ, लवचिक, चिवट. जुन्या माणसांनी याच फोकांच्या पाट्या विणल्या, धान्याच्या कणग्या विणून शेणामातीनं सारवल्या, आणि मास्तरांच्या हातातला निरगुडीचा फोक तर एका अख्ख्या पिढीला पाठ आहे.

आधी झाड ओळखायला शिका, हे सांगतोय कारण नवीन पोरं फोटो पाठवून विचारतात ही निरगुडी आहे का आणि त्यात निम्मे फोटो भलत्याच झाडाचे असतात. निरगुडीचं पान हाताच्या पंजासारखं, बहुतेक वेळा पाच पर्णिका, कधी कधी तीन, मधली सगळ्यात लांब आणि तिला छोटा देठ, कडेच्या दोन लहान. वरून हिरवी, पण पान उलटं केलं की खालून पांढरट राखाडी, बारीक लव असल्यासारखी. पानं समोरासमोर जोडीनं येतात. कोवळी फांदी बोटात फिरवून बघा, गोल लागत नाही, चौकोनी लागते. आणि पान चुरगाळलं की उग्र वास, तो एकदा घेतला की परत कुणाला विचारावं लागत नाही. फळं काळी, मिऱ्याएवढी. पानाच्या आकारावरून काही लोकांना भांगेचा संशय येतो, तसं काही नाही, दोन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. जे लोक अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी एक, टेक्सासकडं नर्सरीत व्हायटेक्स नावानं जे शोभेचं झाड मिळतं ते बहुतेक वेळा व्हायटेक्स ॲग्नस-कास्टस असतं, आपली ती व्हायटेक्स निगुंडो. एकाच कुळातल्या दोघी, दिसायला जवळच्या, पण औषध म्हणून एकीच्या जागी दुसरी वापरायची नाही.

आता लावायचं. बी, मुनवे (मुळातनं कडेला वर येणारे फुटवे), दाब कलम, फांदी, चारही प्रकारे होते, पण मी म्हणेन सरळ फांदी लावा. त्याला कारण आहे. बियांची उगवण एकसारखी होत नाही, आत कडक कवच असतं, काही उगवतात काही महिनाभर तशाच पडून राहतात, आणि रोप मोठं व्हायला वेळ लागतो. फांदीपासून केलेलं रोप आईसारखंच निघतं, म्हणजे ज्या झाडाचा पाला दाट आणि वासाला तेज तेच झाड पुढं जातं.

आईझाड निवडताना घाई नको. एकाच झाडाच्या दोनशे फांद्या तोडून लावल्या तर सगळा बांध त्या एकाच झाडाचा होतो, रोग आला तर सगळ्यावर येणार, म्हणून चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणची झाडं बघा. शक्यतो आपल्यासारख्याच जमिनीवरची, मुरमाड रान असेल तर मुरमाड रानातली. उन्हाळ्यात ज्याच्यावर शेवटपर्यंत पान टिकलं असं झाड दिसलं तर ते लक्षात ठेवायचं, झाडाला कापडाची चिंधी बांधून ठेवा म्हणजे पावसाळ्यात सगळी हिरवी झाल्यावर गोंधळ होत नाही. आणि दुसऱ्याच्या बांधावरची असेल तर विचारून तोडा, फांद्या कुणी नाही म्हणत नाही पण विचारलेलं बरं.

फांदी कुठली घ्यायची यावरच निम्मं काम ठरतं. शेंड्याची हिरवी लुसलुशीत फांदी पिशवीत कुजते. बुडाची मनगटाएवढी जुनी लाकडं फुटतात पण मुळं धरायला फार वेळ घेतात. मधली घ्यायची, मागच्या वर्षी वाढलेली, साल हिरवी सोडून राखाडी-तपकिरी झालेली, जाडीला पेन्सिलपासून अंगठ्यापर्यंत. नखानं साल जराशी खरवडून बघा, खाली ओलसर हिरवं दिसलं म्हणजे जिवंत. पांढरं-तपकिरी कोरडं दिसलं तर ती सोडून द्या.

तोडायची सकाळी, ऊन चढायच्या आत. डाळिंबाच्या छाटणीची धारदार कात्री असली तर उत्तम, कोयत्यानं तोडली तर टोक चेचतं आणि चेचलेल्या टोकातनंच बुरशी शिरते. एक कांडी ८ ते १० इंचाची, म्हणजे मोठी वीतभर, तिच्यावर डोळ्यांच्या, म्हणजे जिथनं नवा फुटवा येतो त्या जागांच्या, कमीत कमी चार जोड्या पाहिजेत. खालचा काप डोळ्याच्या बरोबर खाली, तिरका. वरचा काप डोळ्याच्या अर्धा इंच वर, सरळ आडवा. हे तिरकं-सरळ उगाच सांगत नाही, पाला काढून टाकल्यावर शे-दोनशे कांड्यांच्या ढिगात खालची बाजू कुठली वरची कुठली हे कळत नाही आणि उलटी लावलेली कांडी नीट फुटत नाही, तिरकं टोक मातीत जायचं एवढं डोक्यात ठेवलं की लावायला बसलेला कुणीही चुकत नाही. पानं सगळी काढायची, फार तर वरच्या जोडीची अर्धी अर्धी ठेवा, पण आमच्यासारख्या कोरड्या हवेत मी म्हणतो सगळी काढा, मुळं नसताना पानं ठेवली तर कांडीतलं पाणी पानातनंच उडून जातं.

तोडलेल्या कांड्या ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत. त्याच दिवशी लावलेल्या सगळ्यात चांगल्या, नाहीच जमलं तर खालचं टोक ओल्या वाळूत खुपसून दोन-तीन दिवस सावलीत उभ्या ठेवल्या तरी चालतात. लावण्याआधी खालची टोकं बुरशीनाशकाच्या किंवा ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून घ्या. रूटिंग हॉर्मोनची पावडर मिळाली तर टोकाला लावा, मुळं जास्त आणि एकसारखी येतात, पण निरगुडी मुळातच सहज मुळं धरणारी आहे, पावडर नाही म्हणून काम अडवून ठेवू नका. वरच्या कापाला शेणाचा छोटा गोळा लावायची जुनी पद्धत आहे, त्यानं वरचं टोक सुकत नाही, ती मात्र जरूर करा.

पिशवी ५ बाय ७ इंची पुरते. खालच्या बाजूला भोकं आहेत का बघून घ्या, नसली तर पाडा. माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत एकेक घमेलं असं समान मिसळायचं. काळी चिकट माती असेल तर वाळू दीडपट करा. कच्चं शेणखत अजिबात नको, त्याच्या उष्णतेनं आणि त्यातल्या हुमणी अळीनं कांडी जाते. आधी काडीनं भोक पाडून मग कांडी सोडायची, जोरात दाबून खुपसली तर खालची साल सोलते आणि मुळं नेमकी तिथूनच यायची असतात. दोन जोड्या मातीत, दोन जोड्या वर. बोटानं कडेची माती घट्ट दाबा, कांडी हलता कामा नये, आत पोकळी राहिली की तिथं मुळं वाळतात. मग झारीनं पाणी. पिशव्या झाडाच्या पातळ सावलीत किंवा ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली मांडून ठेवायच्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जिथं सगळ्यात जास्त रोपं मरतात. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात, छान हिरवी पानं येतात आणि माणूस खूश होऊन सगळी रोपं उचलून रानात लावून मोकळा होतो. पंधरा दिवसांत सगळी वाळतात आणि मग म्हणतात आमच्या मातीत निरगुडी येत नाही. अहो ती पानं कांडीत साठलेल्या अन्नावर आलेली असतात, त्या वेळी खाली मुळं नसतात किंवा नुसती सुरुवात झालेली असते. पानं आली म्हणजे रोप झालं असं नाही. कांडी हलकेच वर ओढून बघा, सहज हलली तर मुळं नाहीत, लगेच ओढायचं थांबवा आणि तशीच राहू द्या. पहिला फुटवा येऊन थोडा थांबतो, मग दुसरा जोमदार फुटवा सुरू होतो, पिशवीच्या भोकातनं पांढरी मुळी डोकावायला लागते, तेव्हा रोप तयार. याला दोन ते तीन महिने लागतात आणि ते देऊन टाकायचे. शेवटचे पंधरा दिवस शेडनेट काढून उन्हात ठेवायची आणि पाणी जरा ताणायचं, म्हणजे रानातल्या उन्हाची सवय होते. या काळात पाणी जास्त झालं तरच नुकसान, पिशवीतली माती वरून सुकलेली दिसली की द्यायचं, रोज सवयीनं ओतायचं नाही.

वेळ कुठली? हे गावागणिक वेगळं. कोकणात, मावळात किंवा सह्याद्रीच्या जवळ जिथं जून-जुलैत पाऊस लागून असतो तिथं मृगातच थेट बांधावर कांड्या खोवा, पिशवीचीही गरज नाही. एक-दीड फुटाच्या जाड कांड्या घ्यायच्या, दोन-तीन चांगले पाऊस होऊन ओल फूटभर खाली गेली की पहारीनं भोक पाडून निम्मी कांडी आत, पायानं माती दाबायची, झालं. पण सोलापूर-सांगलीच्या पूर्व भागात हे करू नका, किंवा करायचंच असेल तर मरतुकीची तयारी ठेवून करा. आमच्याकडं जूनमध्ये पाऊस तोंड दाखवतो, मग जुलै-ऑगस्टात मोठी ओढ, आणि खरा पाऊस सप्टेंबरात. थेट खोवलेली कांडी त्या मधल्या उघडिपीत वाळते. आपल्याकडचा मार्ग म्हणजे जूनच्या सुरुवातीला पिशवीत कांड्या लावायच्या, उघडीप नर्सरीत झारीच्या पाण्यावर काढायची, आणि सप्टेंबरात उत्तरा-हस्ताच्या पावसावर तयार रोप रानात न्यायचं. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीत, झाडं नवीन फुटायच्या बेतात असतात तेव्हाही कांड्या छान लागतात आणि मग ती रोपं पावसाळ्याच्या तोंडाशी हाताशी येतात.

किती रोपं लागतील याचा हिशोब आधी करा. नुसत्या बांधासाठी दोन फुटांवर एक लावलं तर १०० मीटरला १६५ च्या आसपास, दाट कुंपण हवं असेल तर नागमोडी दोन ओळी, म्हणजे दुप्पट. वर पाव हिस्सा जास्तीच्या कांड्या लावा कारण सगळ्या लागत नाहीत, आणि रानात जागा भरायलाही थोडी शिल्लक हवीत. पाल्यासाठी स्वतंत्र तुकडा करायचा असेल तर २ बाय २ मीटरवर एकरी हजारभर रोपं बसतात.

खड्डा एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल. मुरूम लागला तर पहार मारून तळ सैल करा, त्याच मातीत दोन मुठी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, पेंड उधई म्हणजे वाळवी लागू नये म्हणून, कोरड्या रानात उधई पहिल्या वर्षी त्रास देते. पिशवी ब्लेडनं उभी कापून काढायची, मातीचा गड्डा फुटू द्यायचा नाही. रोपाभोवती उताराच्या वरच्या बाजूनं अर्धगोल आळं करा, म्हणजे बांधावरनं येणारं पाणी थोडं थांबेल. पाणी साचणारी जागा तेवढी टाळा, ओढ्याच्या काठी ती आनंदानं येते पण साचलेल्या काळ्या चिखलात मुळं कुजतात. चुनखडी, मुरूम, हलकी माती सगळं चालतं.

आणि पिकापासून अंतर ठेवा. बांधाच्या पिकाकडच्या कडेला नाही तर बाहेरच्या अंगाला लावा, पिकाच्या पहिल्या ओळीपासून तीन-चार फूट तरी. मुळं पसरतात, कडेनं मुनवे फुटतात, लक्ष दिलं नाही तर दोन-तीन वर्षांत आत सरकायला लागते. मुनवे वाईट नाहीत, उलट पावसाळ्यात तेच मुळासकट खणून दुसरीकडं लावले तर फुकटचं तयार रोप. भाजीपाल्याच्या वाफ्याला मात्र चिकटून लावू नका, शेजारच्याच्या हद्दीला लावताना त्याला सांगून लावा, बांधावरनं होणारी भांडणं काय असतात ते आपल्याला माहितीच आहे.

कुंपण म्हणून लावताना एक स्पष्ट सांगतो, निरगुडीला काटा नसतो. जनावरं खात नाहीत म्हणून ती टिकते, पण रानडुक्कर किंवा कुत्रं तिच्यातनं आरामात घुसतं. वारा अडवायला, माती धरायला, हद्द दाखवायला, पाला मिळायला ती एक नंबर. डुक्कर अडवायचं असेल तर बाहेरून घायपात किंवा सागरगोटा आणि आतून निरगुडी अशी जोडी करा.

पहिला उन्हाळा हीच खरी परीक्षा. सप्टेंबरात लावलेल्या रोपाची मुळं मार्चपर्यंत फार खोल गेलेली नसतात, त्यामुळं मार्च ते मे पंधरा दिवसांतनं एकदा रोपाला घागरभर पाणी द्या. आळ्यात पाचट, सरमड, वाळलं गवत जे असेल ते चार-पाच बोटं जाड पसरा. दिवाळीच्या आसपास एक खुरपणी करून बुडाचं गवत काढलं की पुष्कळ, पुढं तिची सावलीच गवत दाबते. सगळी पानं गळाली तरी रोप उपटून टाकू नका, बुडाजवळ नखानं खरवडून बघा, हिरवं असेल तर पाऊस येईपर्यंत थांबा. एक उन्हाळा काढलेल्या निरगुडीला पुन्हा पाणी घालावं लागत नाही.

छाटणीशिवाय निरगुडी म्हणजे उंच वाढलेल्या काटक्या आणि बुडाशी मोकळी जागा. रोप दोन-अडीच फुटांचं झालं की शेंडा मारून दीड फुटावर आणा, जीव धरून बसू नका, तिथूनच खालच्या फांद्या फुटतात आणि कुंपण बुडापासून भरतं. पुढं दर वर्षी वळवाच्या आधी, एप्रिल-मे मध्ये पानं कमी असताना, जमिनीपासून फूट-दीड फुटावर सगळं कापून टाका. पावसावर इतके फोक येतात की मोजता येत नाहीत, सगळे सरळ, पुढच्या वर्षी कांड्या करायला अगदी बेताच्या जाडीचे. दाब कलम करायचं असेल तर यातलाच बाहेरच्या बाजूचा लांब फोक वाकवून मधला भाग जमिनीत चार बोटं पुरा, साल थोडी खरवडून, वर दगड ठेवा, शेंडा बाहेर. पावसाळाभर तसाच ठेवून दिवाळीनंतर आईपासून कापून वेगळा करा. बांधात कुठं खाच पडली असेल तर ती भरायला यासारखा उपाय नाही.

रोगकीड फार नाही. कधी पानांवर फोडासारख्या गाठी दिसतात, ते डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक कोळी-किडीचं काम, झाड मरत नाही, तेवढ्या फांद्या कापून जाळा. पिठ्या ढेकूण आला तर कडेच्या डाळिंबाकडं किंवा सीताफळाकडं आधी बघा, बहुतेक वेळा तो तिकडनं आलेला असतो, जोरात पाण्याचा फवारा मारा आणि दाट फांद्या विरळ करा.

शहरात गच्चीवर लावायची असेल तर १५-१६ इंची कुंडी किंवा जुना रंगाचा डबा, तळाला भोकं, पूर्ण ऊन, माती वरच्या बोटभर सुकल्यावरच पाणी. वर्षातनं दोनदा छाटा नाहीतर कुंडी वाऱ्यानं पडते. दोन-तीन वर्षांनी मुळं गोल गुंडाळली जातात, तेव्हा काढून मुळं थोडी छाटून नव्या मातीत लावा. बाल्कनीत ऊन येत नसेल तर लावू नका, लांबट किरकिरं झाड होतं आणि पानाला वासही राहत नाही.

पाला कधी तोडायचा? पावसाळ्यानंतर, फुलोऱ्याच्या तोंडावर, पान पूर्ण वाढलेलं पण पिवळं न पडलेलं. दव उडून गेल्यावर तोडा, ओला पाला ढिगात ठेवला की तासाभरात आतून गरम होतो आणि काळा पडतो. सावलीत, पातळ पसरून, रोज एकदा हात फिरवून वाळवायचा. उन्हात वाळवला तर लवकर वाळतो खरा पण वासाचं तेल उडून जातं, आणि वासच गेला तर उरलं काय. बोटात धरल्यावर चुरा झाला पाहिजे, वाकला तर अजून ओल आहे. हाच वाळका पाला कडुनिंबाच्या पाल्याबरोबर ज्वारी-गव्हाच्या पोत्यात थराथरानं घालायचा, टोके-भुंगे कमी लागतात, आमच्या आया-आज्या हे करत आल्यात आणि अजूनही चालतं.

दशपर्णीसाठी मात्र ओला पाला. २०० लिटरच्या ड्रममध्ये कडुनिंब ५ किलो, आणि निरगुडी, घाणेरी, पपई, गुळवेल, सीताफळ, करंज, एरंड, कण्हेर, रुई प्रत्येकी २ किलो, हिरव्या मिरचीचा ठेचा २ किलो, लसूण पाव किलो, शेण ३ किलो, गोमूत्र ५ लिटर, बाकी पाणी. सावलीत झाकून महिनाभर, दिवसातनं दोन-तीनदा ढवळायचं. गाळून १०० लिटर पाण्याला अडीच ते तीन लिटर. यात कण्हेर आणि रुई आहे, दोन्ही विषारी, त्यामुळं हातमोजे घाला आणि ड्रम पोरांच्या आणि जनावरांच्या हाताला-तोंडाला लागणार नाही असा ठेवा.

घरच्या औषधाचं थोडक्यात. आयुर्वेदात निरगुडी वातावरची मानली जाते, सांधे, कंबर, मुरगळा यासाठी. पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधून शेक, बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात पाला उकळणं, सर्दीत वाफारा, हे घरोघरी माहीत आहे. तेल करायचं असेल तर एक वाटी तिळाच्या तेलाला चार वाट्या पाल्याचा ताजा रस, जाड बुडाच्या भांड्यात, मंद आचेवर, घाई न करता. पाणी आटत आलं की तडतड कमी होते आणि तेलावर फेस यायला लागतो, तेव्हा त्यात कापसाची वात बुडवून पेटवा, आवाज न करता जळली तर तेल झालं, तडतडली तर अजून पाणी आहे. पाणी राहिलेलं तेल काही दिवसांत खवट होतं. हे सगळं बाहेरून लावायचं. फिलिपिन्समध्ये हीच निरगुडी लागुंडी नावानं खोकल्याच्या सिरप आणि गोळ्यांत मिळते, त्यांच्या आरोग्य खात्याची मान्यता आहे तिला, पण ते मोजून मापून केलेलं औषध आहे, ते वाचून घरी काढा करून पिऊ नका. पोटात घ्यायचं असेल तर वैद्यांना विचारूनच, आणि गरोदर बायकांनी तर नाहीच.

शेवटी विक्री, कारण बांध भरला की लगेच पुढचा प्रश्न येतो, एकरभर लावू का? आधी खरेदीदार शोधा, मग लावा. रानातनं गोळा केलेला पाला बाजारात येतो तोवर भाव फार चढत नाही, आणि वाळवणीची मजुरी, सावलीची जागा, वाहतूक हे सगळं त्याच भावातनं निघायला पाहिजे. आयुर्वेदिक औषधं करणाऱ्या दोन-तीन ठिकाणी नमुना घेऊन जा, पाला हवा का मूळ का बी, किती ओल चालते, वर्षाला किती घेणार, हे लिहून घ्या. पुण्यातल्या महाराष्ट्र राज्य फलोत्पादन व औषधी वनस्पती मंडळाकडं सध्या कुठली योजना चालू आहे आणि निरगुडी त्यात बसते का याची चौकशी करा. आणि विक्रीचं नक्की होईपर्यंत बांधावरचीच वाढवत राहा, आसपासच्या डाळिंबवाल्यांना दशपर्णीसाठी दर हंगामाला पाला लागतो, त्यांना बांधावर लावायला पिशवीतली रोपं दिली तर ती पाल्यापेक्षा लवकर खपतात.